दंव पडल्याशिवाय कोयता काढू नकोस

मुरुड, ता. दापोली
२ डिसेंबर

प्रिय नंदा,

पत्र मिळालं, फोटोही पाहिले. तगरीने पायरी गिळलीय, कोयनेल गडग्यावरून रस्त्यात लोंबतेय आणि तुळशीपर्यंत जायला वाटच नाही. रेवदंड्याच्या घराची किल्ली हातात पडली नाही तोच तू विचारतेस, "गडी लावून कडेचं सगळं एकदम छाटून टाकू का?" छाट, पण आधी माझी फजिती ऐक.

आमच्याकडे हे रान माजलं ते निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२०ला एका दुपारीत माड-पोफळी आडव्या झाल्या आणि वाडीत भसकन ऊन आलं. इतकी वर्षं सावलीत लांबट, किडकिडीत वाढलेली झाडं त्या उन्हाने पिसाळल्यासारखी फोफावली, मधल्या फटींत घाणेरी आणि रानमोडी घुसली. पडलेल्या पोफळी उचलण्यातच वर्ष गेलं. कडेकडे बघायला वेळ कुणाला?

गेल्या वर्षी आषाढात चार दिवस उघडीप मिळाली. गडी मोकळा होता, मलाही सुरसुरी आली. मागीलदारची गावठी लाल जास्वंद छपराच्या वर गेली होती. आई (सासूबाई गं) आकडीने फुलं काढायच्या. ती मी गुडघ्याएवढी करून घेतली. आई एवढंच म्हणाल्या, "गणपती होऊ दे की." मी म्हटलं, तोवर दुप्पट फुटेल. पाचव्या दिवशी पावसाने जी झड धरली ती अकरा दिवस. खोडांची तोंडं आधी करडी पडली, मग काळी, आणि तो काळेपणा रोज बोटभर खाली उतरायचा. नखाने खरवडलं तर साल ओल्या पापडासारखी हातात यायची. गणपतीत आईंनी परडी घेतली आणि शेजाऱ्यांकडून जास्वंदी आणल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून सांगते, पुस्तकांत 'किती छाटायचं' यावर पानंच्या पानं असतात, आपल्याकडे खरा प्रश्न 'कधी' हा आहे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे ओली जखम वाळतच नाही, बुरशीला आयतं दार मिळतं. पाऊस गेला, पहाटे दंव पडायला लागलं, जमिनीत अजून ओल आहे पण हवा कोरडी झालीय, तेव्हा काढायचा कोयता.

यंदा मी दिवाळीनंतर सुरुवात केली. आधी लांब काठीने बुडखे झोडपले. हे विसरू नकोस. जांभ्याच्या गडग्यात फुरसं (विषारी साप) असतं आणि पातेऱ्याच्या रंगात ते दिसत नाही. हातमोजे, पायात गमबूट, आणि पाचोळा हाताने नाही, दाताळ्याने ओढायचा. मग झुडपात वाकून आत बघितलं. वरून हिरवंगार आणि पोटात नुसता वाळका सांगाडा! दरवर्षी वरवर केस कापल्यासारखं छाटलं की हेच होतं: शेंड्याला पानांची छत्री होते, आत उजेड जात नाही. म्हणून मेलेलं लाकूड आधी. मग शेवाळ नि दगडफूल चढलेली सगळ्यात जुनी खोडं, पण एकूण खोडांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच, थेट बुडातून. उरलेली पुढच्या वर्षी, राहिलेली त्याच्या पुढच्या. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि मधे कधी बोडकं दिसत नाही. जाड फांदी असेल तर आधी खालून थोडी करवत मार, मग वरून काप. नाहीतर ती पडता पडता खोडाची साल सोलून नेते.

तगरीला एवढं जपायला नको. तिला मी सरळ गुडघ्यापर्यंत आणली. दोन दिवस पांढरा चीक गळला आणि आता तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक पेरावर डोळे फुटलेत. अबोली वितभर ठेवली. तिची रोपं तुला फुकट मिळतील, बोंडाला पाणी लागलं की ते तडकून बी लांब उडतं. सोनटक्क्याचे फुलून गेलेले दांडे जमिनीलगत काप, ते पुन्हा फुलत नाहीत. कंद मे महिन्यात उकरून वेगळे कर. अनंताला मात्र आत्ता हात लावलास तर उन्हाळ्याच्या शेवटची फुलं गेली म्हणून समज. त्याची छाटणी फुलं ओसरल्यावर, तीही हलकी, शेंडे खुडल्यासारखी. आणि कण्हेरीच्या फांद्या जाळू नकोस, धूरही विषारी असतो. मी खड्डा करून पुरल्या.

अंगठ्याहून जाड घावांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो मलम लावलं. पोफळीच्या कोळेरोगावर बोर्डोची फवारणी लहानपणापासून पाहिलेली, पण मलम स्वतः करायची ही पहिलीच वेळ. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत. मग ढवळत ढवळत एकत्र करायचं. सुंदर आकाशी रंग येतो. त्यात लोखंडी विळा बुडवून बघ, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाल. मला दोनदा घालावा लागला, कारण चुना जुना होता. त्याच दिवशी संपव, उद्यावर ठेवू नकोस.

शेवटी शेणखत आणि वर पातेरा. तो बुंध्याला टेकवू नकोस, वीतभर लांब ठेव, नाहीतर वाळवी आणि कूज दोन्ही येतात. तुझ्या फोटोत वाफ्याच्या कडेला चिरे सलग लावलेत. ते दिसतात छान, पण पावसात त्यांच्या आत तळं होणार. दर चार-पाच फुटांवर एक चिरा काढून पाण्याला वाट दे. तेवढं मात्र मेअखेरपर्यंत झालं तरी चालेल.

आमच्या मेलेल्या जास्वंदीच्या जागी शेजाऱ्यांकडची फांदी लावलीय. यंदाच्या आषाढातच लावली होती. छाटायला वाईट तो पाऊस फांद्या जगवायला मात्र चांगला. तिला परवा पहिली कळी आली. आईंनी चष्मा पुसून पाहिली आणि म्हणाल्या, "ही लाल नाही, गुलाबी आहे." खरंच गुलाबी निघाली गं! आता आईंना जुन्यासारखी लालच हवी आहे.

तुझ्या मागीलदारी फोटोत एक जास्वंद दिसते, पण रंग कळत नाही. लाल असली तर तिला बुडातून हात लावू नकोस आणि पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार फांद्या माझ्यासाठी काढून ठेव. न्यायला मी येईन. माझा सिकेटर (छाटणीची कात्री) धार लावायला दिलाय, तुझा असू दे.

तुझी,
शालन