अळंबी नुसती खाऊ नका, नोंदवा पण

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की भीमाशंकरच्या जंगलात रात्री चमकणाऱ्या बुरशीचा फोटो पेपरात येतोच, बघायला भारी वाटतं, पण तेवढं सोडलं तर बुरशीचं नाव निघतं ते लोणच्याला लागली नाहीतर द्राक्षावर भुरी आली म्हणूनच.

आमच्या सावंतवाडी भागात वारुळावर अळंबी फुटली की माणसं पहाटे टॉर्च घेऊन निघतात, जागा सख्ख्या भावाला पण सांगत नाहीत. ही अळंबी वाळवीच जमिनीखाली पोसते, हळू उपटली तर दांडा संपतच नाही, मुळासारखा खाली खाली थेट वाळवीच्या घरापर्यंत जातो. धिंगरीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही, म्हणजे वारूळ गेलं की अळंबी गेली, आणि प्लॉट पाडताना जेसीबीखाली किती वारुळं गेली ते मोजलंय कुणी?

२००२ च्या जैवविविधता कायद्यात गावोगाव लोकांनी नोंदवही करायची सोय आहे. आमच्या गावची मागून बघितली. झाडं, पक्षी, मासे पानंच्या पानं, आणि बुरशीच्या नावाने एक ओळ, 'अळंबी (खाण्याची)'. बाकी सगळी कुत्र्याची छत्री! जगात सुमारे दीड लाख बुरश्यांना नावं मिळालीत आणि अंदाज आहे २२ ते ३८ लाखांचा, मग बिननावाच्या काही आमच्या परड्यात नसतील कशावरून?

पुण्यात आघारकर संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, तिथे बुरश्या जिवंत वाढवून जपतात, सुकवलेल्या आजरेकर हर्बेरियममध्ये ठेवतात. पण ती माणसं आमच्या फणसाच्या बुंध्यापाशी कधी पोचणार, तिथे आम्हीच रोज असतो ना. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर फोटो टाकता येतो, फक्त वरून टोपीचा काढून भागत नाही, खालच्या पात्या दिसायला हव्यात, कुठल्या झाडाखाली, वास कसा, तेही लिहायला हवं. मी पहिल्यांदा एक केशरी बुरशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, दोन दिवसांनी उघडली तर नुसता चिखल आणि घाण वास, बायकोने पिशवीसकट बाहेर काढलं (मला पण). तेव्हापासून कागदी पाकीट.

नातीबरोबर आता एक उद्योग करतो, टोपी कापून पात्या खाली करून कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची. वारुळावरच्या अळंबीची वाटी सकाळी उचलली तर कागदावर बीजाणूंचं (बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांचं) फिकट गुलाबी चक्र, पात्यान् पाती उमटलेली. पोरगी तो कागद शाळेत घेऊन गेली.

तालुक्याच्या कॉलेजात बॉटनीवाल्यांनी जून ते सप्टेंबर एक टेबल मांडावं, लोकांनी आणून दिलेलं नीट सुकवून पुण्याला पाठवावं, एवढंच मागणं आहे. अभयारण्यातलं परवानगीशिवाय उचलू नये, आणि मोबाईलने नाव सांगितलं म्हणून कुणी कढईत टाकू नये, बाबांनो, विषारी पण असतात.

ह्या पावसात मी पाच नमुने सुकवून ठेवलेत, पाकिटावर तारीख, जागा, झाड सगळं लिहिलंय. इथे जवळपास द्यायचे कुणाकडे, तेवढं कुणीतरी कळवा.

— एक वाचक, ता. सावंतवाडी