चि. किरण हीस

सातारा

चि. किरण हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला त्या कचेरीच्या पत्राचा फोटो पाहिला. तिसऱ्यांदा तुला ‘हेर किरण’ करण्यात आले आहे हे कळल्यावर तुझी आई आधी हसली, कारण जर्मनीत तो शब्द श्रीयुतासाठी असला तरी मराठी कानाला त्यातून गुप्तहेरच ऐकू येतो. मग तिने खाली तू लिहिलेला मजकूर वाचला आणि ती गप्प झाली. खोली पाहायला गेलीस तेव्हा घरमालकिणीने तुला दारातच उभे करून ‘ते किरण नावाचे गृहस्थ कुठे आहेत’ असे विचारावे, आणि तूच किरण आहेस हे पटवायला पासपोर्ट काढून दाखवावा लागावा, हे काही हसण्यासारखे नाही. आता नावाला ‘किरणमयी’सारखे काही जोडून घ्यावे का, म्हणजे ही कटकट कायमची मिटेल, असे तू विचारतेस. हो किंवा नाही एवढेच कळवता आले असते. पण नावाच्या बाबतीत मी स्वतः पोळलेला आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पत्राच्या पहिल्याच ओळीत मला ‘हीस’ लिहावे लागले, हे तुझ्या लक्षात आले असेल. ‘चिरंजीव’ मुलालाही चालते आणि मुलीलाही, किरणही दोघांना चालते, पण मराठी पुढच्या शब्दात सगळे सांगून टाकते. किरण आला की आली, एवढे क्रियापद ऐकले की संशय उरत नाही. इथे तुझ्या नावावरून कधी घोटाळा झाला नाही याचे श्रेय नावाला नसून व्याकरणाला आहे. तिथे मात्र भूतकाळाच्या क्रियापदाला लिंग नाही, म्हणून नाव वाचणाऱ्याला ते कळण्याची घाई होते.

तुझे नाव तुझ्या जन्माआधीच ठरले होते, हे तुला माहीत आहे. का ठरले, ते कदाचित आम्ही नीट सांगितले नसेल. डोहाळजेवणाला जमलेल्या नातलगांनी नावांची एक यादी करून आणली होती आणि तिच्यात बारा नावे होती, बाराच्या बारा मुलांची. तुझ्या आईने ती यादी घडी घालून डब्यांच्या फडताळात ठेवली आणि रात्री मला म्हणाली, “असे एकच नाव ठरवू की जे कोणीही जन्माला आले तरी बदलावे लागणार नाही, मग यादी बदलण्याच्या निमित्ताने कोणाला तोंड पाडायची सोय राहणार नाही.” बारशाला आत्याने तुझ्या कानात ‘कुर्र’ केले, ते याच नावाने.

शब्द म्हणशील तर फार जुना आहे. ‘कॄ’ म्हणजे विखुरणे, उधळणे. त्या धातूपासून किरण आला. ऋग्वेदात तो धुळीच्या बारीक कणांसाठीही येतो, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नाही, कारण आपल्या माजघरात कौलातून येणारा उन्हाचा कवडसा मुळी धुळीच्या कणांमुळेच दिसत असे. संस्कृतात हा शब्द पुल्लिंगी आहे, मराठीतही बहुधा ‘तो किरण’च, तरीही यष्टिरक्षक किरण मोरे यांचे नाव जितके सहज वाटते, तितकेच किरण बेदी यांचेही. शब्दाचे लिंग एक आणि माणसाचे दुसरे, याची कोणाला अडचण होत नाही.

असे का होते, यावर मी बराच विचार केला आहे. विजयची विजया होते, म्हणून विजय मुलाकडेच राहिला, असे एक उत्तर सुचते. किरणला असा आकारान्त जोडीदार मिळालाच नाही. किरणा म्हटले की किराण्याचे दुकान आठवते! पण हे उत्तर पुरे पडत नाही. प्रकाशची प्रकाशा कोणी केली नाही, अर्थही किरणच्या जवळचा, तरी महाराष्ट्रात प्रकाश नावाची मुलगी माझ्या पाहण्यात नाही. पंजाबात मात्र प्रकाश कौर हे नाव नवलाचे नाही. संतोष आपल्याकडे पुरुष, आणि १९९२ व १९९३ अशी लागोपाठ दोन वर्षे एव्हरेस्टवर गेलेल्या हरयाणातील संतोष यादव या बाई. शशी म्हणजे ज्याच्या अंगावर ससा आहे तो, म्हणजे चंद्र, शब्द चक्क पुल्लिंगी; पण शेवटच्या ईकारामुळे आपल्या कानाला तो बायकी लागतो, म्हणून खासदार शशी थरूर आणि लेखिका शशी देशपांडे दोघेही आपापल्या जागी शोभतात. ज्योती आपल्याकडे मुलगीच. बंगालने मात्र ज्योती बसूंना १९७७ पासून २००० पर्यंत मुख्यमंत्री ठेवले. तुझ्या आजीचे नाव कमल. कमल हासनचे पोस्टर गावात पहिल्यांदा लागले तेव्हा ती बाजाराची पिशवी हातात घेऊन त्याच्यासमोर थांबली आणि म्हणाली, “अगं बाई, हा बाप्या कमल?” घरी येईपर्यंत तिला त्याचे हसू येत होते. नाव तेच, तमिळ मुलखात ते पुरुषाच्या अंगावर बसले आणि आपल्याकडे नऊवारीत.

आता माझे सांगतो. सुहास म्हणजे सुंदर हसणे. माझ्या तरुणपणी सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या हातोहात जात आणि रंगभूमीवर सुहास जोशी यांचे नाव गाजत होते, म्हणजे मराठीने हे नाव दोघांत उघडउघड वाटून दिले होते. माझ्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली तेव्हा वडिलांनी एका वधूवर सूचक मंडळात माझी माहिती नोंदवली आणि तिथल्या कारकुनाने ती वधूंच्या फायलीत लावली. उंची पाच फूट नऊ इंच लिहिलेली असूनही महिनाभरात दोन वरपक्षांची पत्रे आली. एकात ‘मुलीस गाण्याची आवड आहे काय’ असे विचारले होते. पुढे लग्नपत्रिकेवर ‘चि. सुहास’ छापून आले आणि त्याच्याखाली ‘चि. सौ. कां.’ने तुझ्या आईचे नाव, तेव्हा कुठे माझी बाजू छापील स्वरूपात सिद्ध झाली.

मी हे हसत सांगतो. तेव्हा मात्र महिनाभर मित्रांसमोर जायची सोय नव्हती. यातली एक गोष्ट मला पुढे उमगली. शिरीष हे झाडाचे आणि बहुधा पुरुषाचे नाव अत्र्यांनी मुलीला ठेवले, आणि मराठीला हायकूची ओळख करून देणाऱ्या शिरीष पै यांच्या त्या नावाचे लोकांनी कौतुकच केले. मुलाचे नाव मुलीने घेतले की ती बढती, मुलीचे नाव मुलाच्या वाट्याला आले की थट्टा. इंग्लंडातही तेच घडले. शर्ली हे मुळात गावाचे आणि आडनावाचे नाव, क्वचित पुरुषाचे. शार्लट ब्राँटे यांच्या १८४९ च्या कादंबरीत मुलगा हवा असलेल्या आईबापांना मुलगी झाली म्हणून त्यांनी तिला ते दिले, आणि त्यानंतर ते मुलींकडे असे सरकत गेले की आज शर्ली नावाचा पुरुष शोधावा लागेल. लेस्ली, बेव्हर्ली, अ‍ॅश्ली यांचीही वाट तीच. एकदा मुलींनी नाव उचलले की मुलांचे आईबाप ते सोडून देतात. एव्हलिन वॉ या लेखकाने १९२८ साली एव्हलिन नावाच्याच मुलीशी लग्न केले, तेव्हा मित्रमंडळी त्यांना ‘तो एव्हलिन’ आणि ‘ती एव्हलिन’ म्हणत. मराठीत ती सोय फुकट मिळते.

सगळीकडे असेच आहे असे मात्र नाही. नोकरीत मी चार वर्षे नांदेडला होतो, तिथे शेजारच्या शीख कुटुंबात बाळ झाले. त्यांच्याकडे गुरु ग्रंथ साहिब उघडला जातो, समोर येणाऱ्या वचनाचे पहिले अक्षर घेतले जाते आणि त्या अक्षरावरून नाव ठरते. आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात तसेच. फरक इतकाच की आपण त्या अक्षरावरून मुलाचे किंवा मुलीचे नाव शोधू लागतो आणि ते थेट नाव शोधतात. गुरप्रीत, मनजीत, हरप्रीत कोणालाही चालते. पुढे सिंह की कौर एवढाच भेद. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक घेणाऱ्या संघाचा कर्णधार हरमनप्रीत सिंह, आणि २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक उचलणारी क्रिकेट कर्णधार हरमनप्रीत कौर. एका देशाचे दोन कर्णधार, एकच नाव, आणि त्याबद्दल कोणाला काही विचारावेसे वाटले नाही.

शेर्पांची रीत याहून साधी आहे. ज्या वारी बाळ जन्मले तो वारच त्याचे नाव: सोमवारचा दावा, बुधवारचा ल्हाक्पा, शुक्रवारचा पासांग. मी ‘चा’ लिहिले खरे, पण ‘ची’ही तितकेच खरे आहे. १९९३ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली पहिली नेपाळी स्त्री पासांग ल्हामू शेर्पा होती. उतरताना ती गेली. दहा वेळा ते शिखर चढलेली ल्हाक्पा शेर्पाही स्त्रीच आहे. घानातल्या आकान लोकांतही वारावरून नावे ठेवतात, पण तिथे प्रत्येक वाराला दोन नावे आहेत. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारी जन्मले म्हणून कोफी, आणि त्यांच्या जुळ्या बहिणीचे नाव एफुआ, तेही शुक्रवारचेच. त्याच पश्चिम आफ्रिकेतले योरुबा लोक जुळ्यांच्या बाबतीत उलटे वागतात. आधी जन्मेल तो किंवा ती तायवो, मागून येईल तो किंवा ती केहिंदे. मुलगा की मुलगी हा प्रश्नच नाही. गंमत अशी की मागून आलेले केहिंदे थोरले मानले जाते, कारण जग कसे आहे ते चाखून पाहायला त्याने धाकट्या तायवोला पुढे धाडलेले असते.

हे सगळे मांडण्यामागे माझा एक मुद्दा आहे. आकान आणि योरुबा या दोन्ही भाषांत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेदच नाही. एका समाजाने तरीही वाराची नावे वेगळी केली, दुसऱ्याने जुळ्यांची एक ठेवली. तीन लिंगे पाळणारी आपली मराठी किरण, सुहास, शिरीष निवांत वापरते. जपानीत ‘हिकारु’ म्हणजे प्रकाशणे, तुझ्या नावाचा जवळचा नातलग, आणि तोही मुलाचा व मुलीचा. म्हणजे नाव कोणाचे, हे ना शब्दात असते ना व्याकरणात. ते ऐकणाऱ्याच्या सवयीत असते, आणि सवय मुलूख बदलला की बदलते. त्या घरमालकिणीच्या कानाला तुझ्या नावाची सवय नव्हती, यात तुझ्या नावाचे काही चुकले नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. नावावरून मुलगा की मुलगी ते कळत नसेल तर ते स्पष्ट करणारे दुसरे नाव जोडा, असा जर्मनीतल्या जन्मनोंदणी कचेऱ्यांचा पूर्वी दंडक होता. (पुरुषांना मधले नाव मारिया मात्र चाले, कवी रायनर मारिया रिल्केसारखे. नियम करणाऱ्यांनाही एखादे नाव प्रिय असतेच.) एका आईवडिलांनी आपल्या मुलीचे नाव एवढेच ठेवायचे ठरवले आणि ते याच कारणाने अडले. ते नाव होते किरण. प्रकरण वर जात जात घटना न्यायालयापर्यंत पोचले आणि ५ डिसेंबर २००८ रोजी निर्णय झाला: नावावरून लिंग कळलेच पाहिजे असे सांगणारा कायदा नाही, आईवडिलांच्या निवडीला मर्यादा घालायची ती फक्त बाळाच्या हितापुरती. ते न्यायालय कार्ल्सरूहेला आहे, म्हणजे तू शिकतेस त्याच गावात. पुढच्या रविवारी फिरत जाऊन ती इमारत बघून ये आणि मला फोटो पाठव.

त्या बाळाच्या गळ्यातून जे जोखड न्यायालयाने उतरवले, ते तू पैसे भरून स्वतःच्या गळ्यात घालून घ्यावेस असे मला वाटत नाही. पण कचेऱ्यांचे हेलपाटे तुला घालायचे आहेत, मला नाही. जोडायचेच ठरवलेस तर ‘किरणमयी’ नको, फार नाटकी वाटते, आजीचे ‘कमल’ जोड. तेवढ्याने तिथल्या कारकुनाला काही कळणार नाही, पण आजी खूश होईल. तोवर अर्जात जिथे जागा असेल तिथे नावाआधी ‘फ्राउ’, म्हणजे तिथले ‘श्रीमती’, स्पष्ट अक्षरांत लिहीत जा आणि सहीखालीही लिही. मीही पुढे आयुष्यभर ‘श्री.’ लिहायला कधी विसरलो नाही.

आईने मेतकूट, भाजणी आणि लसणाची चटणी काल कुरिअरने पाठवली आहे. खिडकीवरच्या मुलाने नावे विचारली, मी सांगितली, आणि त्याने वर न पाहता टाइप केली. पावती घरी येऊन वाचली, तर ती पेटी श्रीमती सुहास यांच्याकडून श्रीयुत किरण यांना निघाली आहे. पिनकोड आणि घर क्रमांक मी दोनदा तपासले, ते बरोबर आहेत.

कळावे.

तुझा
बाबा
(श्री.) सुहास