चटईवर न आलेले आरोपी

माननीय संपादक,

सत्तांतरानंतरच्या समेटाची चर्चा आपल्याकडे बहुधा दक्षिण आफ्रिकेपाशीच थांबते. इंडोनेशियाच्या शेजारच्या चिमुकल्या पूर्व तिमोरचं नाव क्वचितच निघतं. आम्हा गोवेकरांना तरी तो देश परका वाटू नये. १८४४ पर्यंत तिथला पोर्तुगीज कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के तिमोरींनी इंडोनेशियापासून वेगळं व्हायचा कौल दिला. त्या वर्षी इंडोनेशियन लष्कराने पोसलेल्या टोळ्यांनी चौदाशेच्या आसपास माणसं मारली, गावंच्या गावं जाळली. त्या टोळ्यांतली कित्येक पोरं त्याच गावांतली. पुढे ती परतली, ज्यांची घरं जाळली त्यांच्याच शेजारी राहायला.

एवढे खटले चालवायची ताकद नव्या देशात नव्हती. तेव्हा तिथल्या सत्य आयोगाने जुनी रीत हाताशी धरली: ‘नाहे बिती’, म्हणजे चटई अंथरणं. घर जाळणारा, मारहाण करणारा, गुरं पळवणारा गावासमोर कबुली देई. लोक त्याला खोदून खोदून विचारत. मग माफी, गावासाठी श्रमदान किंवा थोडी भरपाई ठरे. वाद मिटेपर्यंत चटई गुंडाळायची नाही. १,३७१ जण या वाटेने गावात परत सामावले.

पण प्रत्येकाचा जबाब आधी सरकारी वकिलांच्या नजरेखालून जाई आणि झालेला करार न्यायालयात नोंदवला जाई. खून, बलात्कार चटईवर येतच नसत, ते न्यायालयाचं काम. मला ही वाटणी सगळ्यात मोलाची वाटते. गावकीच्या निवाड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. कायद्याचा धाक नसलेली पंचायत माणसाला वाळीत टाकते, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

तिमोरच्या गावांनी आपला वाटा उचलला, सरकारांनी उचलला नाही. गंभीर गुन्ह्यांतले बहुतेक आरोपी सीमेपलीकडे इंडोनेशियात राहिले. तिमोरमधल्या सुआई गावच्या चर्चमध्ये १९९९ मध्ये झालेल्या हत्याकांडातला आरोपी मातेर्नुस बेरे २००९ मध्ये तिमोरमध्ये सापडला, तुरुंगात गेला. सार्वमताला दहा वर्षं झाली त्याच दिवशी, ३० ऑगस्टला, सरकारने त्याला सोडून इंडोनेशियाच्या दूतावासाच्या हवाली केलं.

मोठ्या शेजाऱ्याशी सलोखा हवा, हे मला कळतं. पण गुरं पळवणाऱ्याला ज्यांनी साऱ्या गावासमोर बसवलं, त्यांना हे सरकारने कोणत्या तोंडाने सांगितलं असेल?

आपला,
एक वाचक, फोंडा (गोवा)