मावशी, कॅलेंडरवरचे ते ठिपके

प्रिय मावशी,

हे पत्र नातवाकडून वाचून घे. समोर बसून आभार मानले असते तर 'काय ता मेला' म्हणत तू उठून परड्यात गेली असतीस. म्हणून चारचौघांत लिहितेय.

२०१८च्या १० एप्रिलला नौदलाचं शिडांचं जहाज 'तरंगिणी' यांना घेऊन कोचीहून निघालं, तेव्हा आई स्वतः आंबोशी वाळत घालत होत्या. सात महिन्यांची सफर होती. मे संपता संपता त्यांची उजवी बाजू गेली. जहाज तेव्हा पार भूमध्य समुद्रात. धोका टळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यामुळे "परत येऊ का?" असं यांनी विचारलं तेव्हा मीच नको म्हटलं. आठ दिवसांनी तोच प्रश्न विचारला असता, तर काय म्हटलं असतं कोण जाणे.

दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. साध्या पाण्यानेही ठसका लागायचा. पातळ देऊ नका, हे डॉक्टरांनी सांगितलं, पण दाट म्हणजे किती ते तू दाखवलंस: चमच्यावरून सावकाश घसरेल अशी पेज. भरवायचं ते बसवूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. चुलीपाशी बसून हे सांगताना तू एकीकडे माझी न विंचरलेली वेणी बघत होतीस, ते मला कळत होतं.

एकदा फोनवर हे तुला सांगत होते, जहाजाला वीस शिडं आहेत, पण सलग कुणी उभं राहत नाही. चार तास झाले की दुसरा येतो. तू ताडकन म्हणालीस, "मगे हय एकटीच कित्याक उभी?" त्याच रात्री चटई घेऊन आलीस. बारा ते चार तुझी पाळी. पैशांचा विषय काढला, तर दोन दिवस बोलली नाहीस.

जूनमध्ये बोर्दोहून फोटो आले. रेंज फक्त देवळाच्या चढावर, म्हणून छत्री धरून तिथे गेले आणि उन्हात फुगलेली ती पांढरी शिडं बघून रागाने रडायला आलं. घरी येऊन तुला फोटो दाखवले. तू पडवीत दोरीवर टाकलेल्या, तीन दिवस न वाळलेल्या चादरींकडे बोट केलंस. "हय पण शिडां लागलीत." किती दिवसांनी हसले होते मी!

ऑक्टोबरअखेर हे आले तेव्हा आई काठी टेकत ओटीपर्यंत येत होत्या. गावाने यांचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. तुझं नाव मात्र कुणी घेतलं नाही. मीसुद्धा नाही. ते अजून सलतं.

लिहिता येत नाही म्हणून कूस बदलली की तू कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत पेनाने ठिपका द्यायचीस. बारा, दोन, चार. जुलैचं ते पान मी जपून ठेवलंय. रोज तीन ठिपके. १४ तारखेला, मला ताप भरला होता त्या रात्री, पाच आहेत. मला त्या रात्रीचं एवढंच आठवतं, जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि तू पेज ढवळत होतीस.

तुझी,
खालच्या वाडीतली सून