एमएस आणि बाळंतिणीची शेगडी

महोदय,

मल्टिपल स्क्लेरॉसिस अर्थात एमएस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असलेल्या मुलीला दिवस गेले की घरचे तिला नऊ महिने फुलासारखे जपतात आणि बाळंतपण सुखरूप पार पडले की निर्धास्त होतात. आजाराचा हिशेब नेमका उलटा आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात २६९ गरोदरपणे पाहिली गेली. शेवटच्या तिमाहीत अटॅक (म्हणजे आजार अचानक उसळणे) सुमारे ७० टक्क्यांनी घटले, पण बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते आधीपेक्षाही वाढले.

नेमके तेव्हाच आपल्याकडे शेक सुरू होतो. खाटेखाली शेगडी, कढत पाणी, ओव्याची धुरी, खिडक्या बंद. एमएसमध्ये नसांवरचे आवरण खराब झालेले असते, त्यामुळे अंग जरा तापले तरी नजर धूसर होते, पाय लटपटतात. अंग निवले की हे ओसरते, तो नवा अटॅक नव्हे. पण त्या वेळी बाळ कडेवर असेल तर? शिवाय बधिर पावलाला चटका कळतच नाही, फोड आल्यावरच दिसतो. म्हणून पाणी कोमट, पंखा सुरू, शेगडी खोलीबाहेर. (आजेसासूबाई रागावतील, रागावू द्या.) ताप किंवा लघवीचा संसर्ग नसताना नवा त्रास २४ तासांहून अधिक टिकला, तर न्यूरॉलॉजिस्टला लगेच कळवावे. अटॅकसाठी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सलाइनमधून द्यावे लागले तरी अंगावर पाजणे बंद करायची गरज नसते. सलाइननंतर दोन-चार तास थांबले की दुधात उतरणारा अंश आणखी कमी होतो.

एमएसच्या नेहमीच्या औषधांचा विचार मात्र दिवस राहण्याआधी हवा. गर्भाला अपाय करू शकणारे टेरिफ्लुनोमाइड नुसते बंद करून भागत नाही, ते रक्तात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकते. कोलेस्टिरामाइन ८ ग्रॅम दिवसातून तीनदा, असे ११ दिवस देऊन ते काढतात आणि मग किमान १४ दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त तपासतात. फिंगोलिमॉड दोन महिने आधी थांबवतात, पण पर्याय न ठरवता थांबवले तर आजार उसळतो. ग्लॅटिरामर किंवा इंटरफेरॉन बीटा बहुतेकदा चालू ठेवता येते. केवळ एमएस आहे म्हणून सिझेरियन लागत नाही, कमरेतून भूलही देता येते.

सगळ्यात जास्त निसटते ते बाळाचे लसीकरण. आईला गरोदरपणात, विशेषतः उत्तरार्धात, एमएससाठी रिटुक्सिमॅब हे औषध मिळाले असेल तर बाळाच्या बी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या रक्तपेशी) कमी असू शकतात. बीसीजी आणि पोलिओचे थेंब, दोन्ही जिवंत लसी, आपल्याकडे जन्मानंतर लगेच दिल्या जातात. अशा बाळाची सीडी१९ तपासणी (बी पेशी मोजणारी रक्तचाचणी) करून, बालरोगतज्ज्ञांशी बोलूनच त्या द्याव्यात. हिपॅटायटिस बीची लस जन्मतः द्यायला हरकत नाही.

पहिलटकरीण सातव्या महिन्यात साताऱ्याला नाहीतर सांगलीला माहेरी जाते आणि फाइल पुण्यात राहते. औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख एका कागदावर लिहून तो बाळाच्या लसीकरण कार्डालाच टाचावा. लस टोचणारी सिस्टर आईची फाइल उघडत नाही, कार्ड पाहते.

— एक प्रसूतितज्ज्ञ, पुणे