पक्षी गळून पडल्यावरही तीन भाग उरतात

चि. ईशा हिस,
अनेक आशीर्वाद.

इंग्रज कवी कोलरिजच्या 'द राइम ऑफ द एन्शंट मरिनर' या कवितेवरच्या निबंधाचा तुझा मसुदा वाचला. अल्बट्रॉस हा मेलेला समुद्रपक्षी गळ्यातून गळून पडला आणि खलाशी पापमुक्त झाला, असं लिहून तू मोकळी झालीस. पण ते घडतं चौथ्या भागाच्या शेवटी, आणि भाग आहेत सात!

आधी एक कर. पहिल्या सहा भागांची फक्त अखेरची कडवी सलग वाच. पहिल्यात तो क्रॉसबोने पक्षी मारतो, दुसऱ्यात मेलेला पक्षी त्याच्या गळ्यात येतो. तिसऱ्यात मरणाऱ्या सोबत्यांचे आत्मे त्या बाणासारखे सणसणत जातात. पाचव्यात अदृश्य आवाज सांगतो, प्रायश्चित्त झालंय, अजून व्हायचंय. सहाव्यात संन्यासी दिसताच खलाशाला वाटतं, हा पक्ष्याचं रक्त धुऊन काढेल. म्हणजे ओझं उतरलं, डाग राहिला.

चौथ्या भागातल्या समुद्रसापांच्या प्रसंगावर मात्र सावकाश लिही. थोडं आधी त्याने प्रार्थना करून पाहिली, जमली नाही. याच समुद्रातले जीव त्याला बुळबुळीत, किळसवाणे वाटत होते. मग चांदण्यात, जहाजाच्या सावलीत, तेच निळे, तकतकीत हिरवे, मखमली काळे दिसतात आणि नकळत त्याच्या मनातून आशीर्वाद निघतो; त्याच क्षणी पक्षी गळून पडतो. 'पश्चात्ताप केला म्हणून सुटला' हे तुझं वाक्य इथे टिकत नाही.

सोबत्यांना निव्वळ बळी म्हणू नकोस. आधी ते त्याला दोष देतात. धुकं विरल्यावर पक्षी मारला ते बरंच झालं म्हणतात. हे दोनशे जण फाशांच्या खेळात मृत्यूच्या वाट्याला जातात, खलाशी मात्र 'लाइफ-इन-डेथ'च्या, म्हणजे जिवंतपणीच्या मरणाच्या. त्याचं जगणं हीच शिक्षा.

सातव्या भागात तो पापक्षालन मागतो. संन्यासी उलट विचारतो, तू आहेस तरी कोण? क्षमा मिळाल्याचा उल्लेख कुठेच नाही. गोष्ट सांगितली की वेदना थांबते, पण पुन्हा केव्हाही उसळते. म्हणूनच तो लग्नाला निघालेल्या पाहुण्याला अडवतो.

प्राणिमात्रांवर प्रेमाचं शेवटाकडचं कडवं देऊन निबंध संपवू नकोस. कवितेत बोध जरा जास्तच झाला, असं खुद्द कोलरिज म्हणाला होता.

आणि पाठ १८१७ चा घे. समासातल्या टिपा १७९८ च्या पाठात नाहीत. सोबती गुन्ह्यात सामील झाले, हे त्या टिपांतच स्पष्ट येतं.

तुझी,
आई