सायरन बंद करू नका, तो वाजवायचा कसा ते ठरवा

मा. संपादक,

रात्री दहानंतर शहरात रुग्णवाहिकांचे सायरन बंद ठेवावेत ही कालच्या अंकातली मागणी वाचली. त्यावर ‘खिडक्यांना जाड काच बसवून घ्या’ हा दिलेला सल्लाही वाचला. दोन्ही वाचून राग आला. पणजीतल्या आमच्या सांतिनेजला या आवाजाचा त्रास होतो हे कोणीच नाकारणार नाही. अग्निशामक दलाचे मुख्यालय इथेच. उन्हाळ्यात सुक्या गवताच्या आगी, पावसाळ्यात झाडांची पडझड, आणि बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका तर बारमाही. पण बंदी हा उपाय नव्हे, आणि काचेचा सल्ला अर्धवट आहे.

चालकाजवळच्या सायरनच्या पेटीवर तीन-चार आवाज असतात. संथपणे चढत-उतरत जाणारा ‘वेल’ लांब मोकळ्या रस्त्यासाठी. मेरशीहून बांबोळीपर्यंत महामार्गावर तोच योग्य, कारण पुढच्या वाहनांना लांबून कळते आणि दचकून कोणी ब्रेक दाबत नाही. भराभर वरखाली होणारा ‘येल्प’ चौकासाठी: थोडे आधी सुरू करायचा, चौक ओलांडला की पुन्हा वेल. कान एकाच आवाजाला सरावतो, आवाज बदलला की चालक आरशात बघतो, म्हणून ही अदलाबदल. आपल्याकडे बहुतेक वेळा येल्पच लावलेला असतो, तो थेट मुक्कामापर्यंत. गाडी कोंडीत अडकली, पुढे बस, मागे टेम्पो, कोणालाच हलता येत नाही, तरी येल्प चालूच. अशा वेळी तो बंद करून एअर हॉर्नचे दोन ठोके किंवा माईकवरून ‘पांढरी गाडी, डावीकडे घ्या’ एवढे सांगितले तर वाट लवकर मिळते. मागे रुग्णाजवळ बसलेल्या माणसालाही स्टेथोस्कोप लावून रक्तदाब ऐकता येतो. त्या गोंगाटात ते जवळजवळ अशक्य असते.

आता आवाजाचा हिशेब. १०० वॉटचा सायरन स्पीकर सरळ समोर ३ मीटरवर ११८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात: ६ मीटरवर ११२, १२ वर १०६, २४ वर १००, ४८ वर ९४. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती असल्या की भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे ही घट आणखी मंदावते. काचा वर करून एसी लावलेल्या गाडीत यातले २५ ते ३० डेसिबल बाहेरच राहतात, वर आत गाणी चालू. म्हणजे ४८ मीटरवर ज्याने बाजूला व्हायचे त्याच्या कानी ६५ येतात, आणि तेवढ्याच अंतरावर उघड्या खिडकीशी झोपलेल्या बाळाच्या कानी नव्वदच्या आसपास. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. आणीबाणीच्या वाहनाला सवलत असणे रास्तच, पण हा फरक केवढा आहे ते कळावे म्हणून सांगतो.

म्हणून स्पीकर कुठे बसवला आहे याला फार महत्त्व आहे. टपावर बसवला की आवाज गाड्यांच्या डोक्यावरून पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत जातो, शिवाय खाली चालकाच्या आणि रुग्णाच्या डोक्यात. पुढच्या बंपरच्या उंचीवर बसवला तर पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर पोचतो. मात्र तोंडासमोर नंबर प्लेट किंवा लोखंडी गार्ड येता कामा नये, आणि तोंड जरा खाली झुकलेले हवे, नाही तर आपल्या पावसात पाणी साचून आतला पडदा खराब होतो आणि आवाज फाटतो.

रात्री रस्ता रिकामा असताना निळे दिवे पुरतात. चौकाआधी तेवढा सायरन द्यावा. चालक असे करत नाहीत याचा दोष त्यांना देऊ नका. अपघात झाला तर ‘सायरन का नव्हता?’ हा पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाईल. कुठे वेल, कुठे येल्प, रात्री काय करायचे, हे वरून लेखी मिळाल्याशिवाय कोणताही चालक धोका पत्करणार नाही, आणि पत्करूही नये.

वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली, २०१९ च्या दुरुस्तीपासून, १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. पण पणजीतल्या ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर आणि सांतिनेजच्या वळणांवर अडवते ती उभी करून ठेवलेली गाडी. बंबाला वळायला मोठी जागा लागते. कोपऱ्यावर ‘दोन मिनिटांसाठी’ लावलेली एक गाडी पुरे होते. जिच्यात चालकच नाही तिच्यासाठी कितीही सायरन वाजवा, ती हलणार नाही. त्रास मात्र सगळ्या आळीला. क्रेन लावायचीच तर आधी या कोपऱ्यांवर लावा.

काचेचे म्हणाल तर आपल्याकडच्या सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्यांत आवाज येतो तो मुख्यतः फटीतून. पट्ट्यांतला केसाळ ब्रश झिजलेला असेल तर काच कितीही जाड घ्या, फरक जाणवणार नाही. आधी ब्रश बदला, चौकट आणि भिंत यांमधली फट सिलिकॉनने बुजवा, न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या झडपेला आतून घट्ट बसणारे झाकण करा. जमल्यास रबरी गॅस्केटची, दाबून बंद होणारी खिडकी आणि दोन काचांमध्ये पडदा असलेली लॅमिनेटेड काच घ्या. खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोके मात्र बुजवू नका; जूनमध्ये पाणी घरात येईल. कौलारू घराला यातले काहीच फारसे उपयोगी नाही, कारण आवाज वरूनच येतो.

एक वेगळी तक्रार याच पत्रात मांडतो. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, पण पुढे धावणाऱ्या पायलट गाडीचा सायरन गेला नाही. त्यामुळे मागून सायरन ऐकला की पणजीतला चालक आधी आरशात बघतो, कोण आले आहे ते ठरवतो, मग बाजू देतो. त्या काही सेकंदांची किंमत रुग्ण मोजतो. जीव वाचवायला निघालेल्या गाडीशिवाय हा आवाज कोणाकडेही नको. पायलट गाडीला साधा हॉर्न पुरेसा आहे.

– एक वाचक, सांतिनेज, पणजी